राई सहाशे ग्रॅम

शुक्रवारी सकाळी आठ वाजता सुकेशनीनं काचेच्या भांड्यावरचं ओलं फडकं तिसऱ्यांदा उचललं. पीठ पहाटे पाच वाजता कालवलं होतं. तेव्हा ते जिथवर होतं तिथं भांड्याला बाहेरून स्केचपेननं रेघ मारून ठेवली होती. तीन तास झाले होते आणि पीठ रेघेच्या वर केसभरही सरकलं नव्हतं.

मे महिन्यात पूर्णेच्या उकाड्यात असं व्हायला नको होतं. दोन आठवड्यांपूर्वीच्या खेपेला पीठ अडीच तासांत फुगून फडक्याला चिकटलं होतं. तिनं भांड्याला कान लावला. चांगलं पीठ बारीक फसफसतं, पावसात भिजलेल्या मातीसारखं. या भांड्यातून काहीच आवाज येत नव्हता.

"आई, उठलं का?" दारातून संघप्रियानं विचारलं. पोरीची दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता.

"न्हाई."

"मग आता?"

सुकेशनीनं मान वर केली. बंद पडलेल्या फ्रिजच्या दारावर तिच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती. विरजण रात्री नऊ. पीठ पहाटे पाच. राई सहाशे ग्रॅम. भिजवलेले दाणे दोन वाट्या. सूर्यफूल, जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया. मीठ. ओव्हन साडेआठ. चिठ्ठीतलं सगळं वेळेवर झालं होतं, शेवटची ओळ सोडून.

ही तिसरी खेप होती आणि शेवटची. हैदराबादच्या एका ब्रेडच्या दुकानाला राईचा पाव बनवणारं माणूस हवं होतं. दुकानाच्या मॅडम मूळच्या हैदराबादच्याच मराठी घरातल्या. त्यांनी सुकेशनीला तीनदा पाव पाठवायला सांगितलं होतं. पहिला आतून चिकट निघाला. दुसरा नीट भाजला होता, पण मधोमध खचला. तिसरा रविवारी दुपारी बारा वाजता त्या स्वतः कापणार होत्या. पसंत पडला तर सुकेशनीनं पूर्णेतल्या घरीच पाव करायचे आणि आठवड्यातून दोनदा गाडीनं पाठवायचे. नाही पडला तर रविवारी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं. हैदराबादला एका घरी सोमवारपासून स्वयंपाकाला राहायचं होतं, दिवसरात्र, वर्षातून दोन सुट्ट्या.

अशी सहा वर्षं तिनं आधी काढली होती. एका म्हाताऱ्या जर्मन जोडप्याकडे. पाव ती तिथंच शिकली. फेब्रुवारीत ती दोघं कायमची मायदेशी गेली तेव्हा बाईंनी तिला आपल्या विरजणाची बरणी दिली. सुकेशनी त्याला विरजण म्हणायची कारण ते दह्याच्या विरजणासारखंच चालतं: थोडं राखून ठेवायचं, रोज पीठपाणी घालून जगवायचं, त्यातूनच पुढचं पीठ आंबवायचं. बरणीतलं विरजण बाईंच्या लग्नाआधीपासूनचं होतं. मेलं तर दुसरं कुठून आणणार, हे तिला माहीत नव्हतं.

आधी तिनं बरणी पाहिली. पीठ कालवण्यापूर्वी दोन चमचे विरजण बाजूला काढून ठेवायची बाईंची शिस्त ती मोडत नसे. ते दोन चमचे बुडबुड्यांनी जाळीदार झाले होते. विरजण जिवंत होतं. म्हणजे पिठात काहीतरी होतं.

तिनं बोटाच्या टोकावर पीठ घेऊन जिभेवर ठेवलं. आंबट लागलं. मग खारट. मग नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत झिणझिणी गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

ही चव ती ओळखत होती. कैरीच्या लोणच्याच्या खाराची.

"आक्का!" तिनं हाक मारली.

केशरबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. सिद्धोधनची, म्हणजे सुकेशनीच्या नवऱ्याची, ही थोरली बहीण. विधवा. सहा वर्षं या रेल्वे क्वार्टरमध्ये पोरीला त्यांनीच सांभाळलं होतं. हात पुसत त्या आत आल्या.

"काय गं? उठली का तुझी वीट?" पावाला त्या वीटच म्हणायच्या.

"आक्का, त्या डब्यात तुमी काय घातलं?"

"कोन्त्या डब्यात?"

"राई लिवलेल्या. मंगळवारी मी सहाशे ग्रॅम मोजून ठिवलं होतं. त्यात काय घातलं?"

केशरबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग भांड्याकडे. "राईच घातली की."

"कसली राई?"

"आता राई कसली असती? फोडणीची."

संघप्रियाला हसू फुटलं आणि आईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

सुकेशनीचं माहेर झरीचं. तिथं फोडणीत मोहरी पडते. सिद्धोधनच्या घरात मोहरीला राई म्हणतात, आज्यापासून. पार्सलच्या पोत्यावर 'राय' या धान्याचं नाव राई असं छापलेलं होतं, तेच तिनं डब्यावर आणि चिठ्ठीत उतरवलं. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर करडं, खरबरीत, थंड देशातलं धान्य होतं. दुसरं काही तिच्या मनातही आलं नव्हतं.

"किती घातली?"

"नव्वद ग्रॅम. मिक्सरमधी बारीक करून. तुझ्याच काट्यावर मोजून."

"का पण?"

केशरबाई खाली बसल्या. "बुधवारी सिद्धोधनच्या रेल्वे गेटवरची दोघं जेवायला आली का न्हाई? ज्वारीचं पीठ कमी पडलं. त्या डब्यात पीठ दिसलं, म्हनलं गव्हाचं जाडंभरडं असंल. दोन मुठी घेतल्या."

"म्हणून बुधवारची भाकरी काळी होती!" संघप्रिया म्हणाली.

"मंग रातच्याला तुझी चिठ्ठी वाचली. राई सहाशे ग्रॅम. डबा काट्यावर ठिवला तर पाचशे दहा. माझ्यामुळं तुझं वजन चुकायला नगं म्हनून भरती केली."

"आक्का, भाकरी खाल्ली ना तुमी? राईची चव लागली का तिला?"

"न्हाई लागली. म्या म्हनलं, जर्मनची राई गोडी असंल."

दुसरा कुठला दिवस असता तर सुकेशनीही हसली असती. पहाटे पाचला, बल्बच्या उजेडात, करड्या पिठातले काळे ठिपके तिला वेगळे दिसले नव्हते. कोरडी राई वासही देत नाही. पाणी लागलं की मग चढते. आणि लोणचं आंबू नये म्हणूनच तर त्यात राईचा खार घालतात. नव्वद ग्रॅम राई तीन तास त्या पिठाला आंबू देत नव्हती, पुढचे तीस तासही तिनं ते आंबू दिलं नसतं.

पण तिच्या डोक्यात वेगळंच फिरत होतं. मंगळवारी केशरबाईंना शेजारणीशी बोलताना तिनं ऐकलं होतं. ती गेली तरी पोरगी हितंच ऱ्हाईल माझ्यापशी, असं त्या म्हणाल्या होत्या.

"मला सांगितलं का न्हाई मंग?" तिचा आवाज चढला. "बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन दिस गप बसल्या. मी जावं असंच हाय ना तुमच्या मनात?"

"आई!" संघप्रिया म्हणाली.

केशरबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "लाज वाटली म्हनून न्हाई सांगितलं. तू घास घास मोजून ठिवतीस आन म्या भाकरीत घालून खाल्लं." मग त्यांनी पोरीकडे बोट केलं. "हिची येणी सहा वर्सं म्या घातली. पयल्या वर्साला रोज रातच्याला इचारायची, आई कवा येती. रोज. मला का ते पुन्यांदा आईकायचंय?"

संघप्रिया खिडकीकडे वळली.

आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सुकेशनीनं जमिनीवर बसून उलटा हिशोब मांडला. पाव नागनाथच्या हाती द्यायचा होता शनिवारी संध्याकाळी सहाला, पूर्णा स्टेशनवर. नागनाथ सिद्धोधनचा मित्र, हैदराबादच्या गाडीत डब्यातला अटेंडंट. राईचा पाव भट्टीतून काढल्यावर निदान एक दिवस कापायचा नसतो, आतली ओल बसावी लागते. नागनाथच्या हाती तो घट्ट बसलेलाच द्यायला हवा होता, गाडीच्या हादऱ्यात कोवळा पाव पुन्हा खचला असता. म्हणजे आज सहाच्या सुमाराला तो बाहेर हवा. अडीच तास भाजणं. साडेतीनला आत. दोन तास फुगणं. दीडला कालवणं. आणि त्याआधी त्या दोन चमच्यांचं भांडंभर विरजण व्हायला हवं, पाच तासांत. उन्हाळा होता. जमण्यासारखं होतं.

पीठ नव्हतं. पोत्यातलं सगळं संपलं होतं. राहिला होता विरजणाचा लहान डबा, त्याच्या रोजच्या खाण्यासाठी वेगळा ठेवलेला. तिनं तो काट्यावर ठेवला. अडीचशे ग्रॅम.

"हे वापरलं तर विरजणाला उद्यापासून काय?" संघप्रियानं विचारलं.

"काय न्हाई."

"मग ते मरंल?"

"या उन्हात दोन दिसांत."

"आणि पाव नापास झाला तर?"

"तर मला त्याचं काय काम," सुकेशनी म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं.

शंभर ग्रॅम पीठ तिनं विरजणात घातलं, तितकंच पाणी. बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली, कारण चाळीस डिग्रीच्या वर गेलं की विरजण सुस्तावतं. उरलं दीडशे. त्याच धान्याचे भिजवलेले अख्खे दाणे वाटीभर शिल्लक होते, बिया होत्या. तरीही साच्याचा तळसुद्धा नीट भरला नसता.

"अजून दोनशे पायजे," ती स्वतःशीच म्हणाली. "राईचंच."

केशरबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढल्याचा आवाज आला. डबा आणून त्यांनी सुकेशनीपुढे ठेवला. आत वाळवलेले काळपट तुकडे होते.

"हे काय?"

"तुझी मागची वीट. दोन केल्या होत्यास, एक धाडलीस, एक फेकायला निघालीस. म्या गच्चीवर वाळवून ठिवली. वरनात कुस्करून लय ब्येस लागती." त्यांनी डबा आणखी पुढे सरकवला. "ह्यात कायबी घातलेलं न्हाई. तूच केलेली हाय."

सुकेशनीनं एक तुकडा मोडला. कडकडीत. वास भाजक्या धान्याचा. दुसऱ्या खेपेचा पाव खचला होता, पण चवीला वाईट नव्हता. आणि तिला बाईंचं स्वयंपाकघर आठवलं. खिडकीत वाळत टाकलेल्या शिळ्या पावाच्या फोडी, आणि त्या भिजवून नव्या पिठात कालवणाऱ्या बाई. शिळ्यानं नवा ओलसर राहतो, असं त्या सांगायच्या. तेव्हा तिला ती म्हाताऱ्या माणसाची काटकसर वाटली होती.

"मिक्सर धुवा आक्का," ती म्हणाली. "राईचा वास जाईस्तवर. तीनदा."

केशरबाईंनी चारदा धुतला.

दीड वाजता विरजण दुप्पट झालं होतं. सुकेशनीनं दोनशे ग्रॅम चुरा कोमट पाण्यात भिजवून घट्ट केला, त्यात पीठ, दाणे, बिया, मीठ आणि विरजण घालून हातानं कालवलं. राईचं पीठ मळत नाहीत, ते मळूनही ताणलं जात नाही. ओल्या मातीसारखं हाताला लागतं. वरून बिया दाबल्या. काचेच्या साच्याला बाहेरून रेघ मारली. एकच साचा. या वेळी जोडीचा दुसरा पाव नव्हता, म्हणजे घरी कापून बघायला काही नव्हतं.

सव्वातीनला पीठ रेघेच्या बोटभर वर आलं. वरच्या बियांमध्ये बारीक तडे दिसले. तिनं कान लावला. फसफसत होतं.

तीन पस्तीसला साचा ओव्हनमध्ये गेला आणि पाच मिनिटांत बल्ब पिवळा पडला.

रेल्वेच्या क्वार्टरमधली वीज सहसा जात नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी रांगेतले सगळे कूलर चालू असतात आणि विजेचा दाब कमी होतो. ओव्हनमधली सळई लालवरून तपकिरी झाली. आतल्या तापमापकाचा काटा दोनशेवरून खाली यायला लागला. एकशे नव्वद. एकशे पंच्याहत्तर. पहिल्या अर्ध्या तासात ताव मिळाला नाही तर पाव आतून चिकट होतो. पहिल्या खेपेला हेच झालं होतं.

सिद्धोधन दोनला सुटणाऱ्या पाळीवरून येऊन नुकताच आडवा झाला होता. तिनं त्याला हलवलं. "अवो, कूलर बंद करायला सांगा. समद्यांना. अर्धा तास."

"बेचाळीस डिग्रीमधी? मला मारतील लोक."

"मारू द्या."

तो शर्ट अडकवून गेला. भिंती पातळ होत्या, शेजारच्या भगवानरावांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. हे रुळांचे सांधे बदलणारे, निवृत्तीला आलेले पॉइंट्समन, दुपारची झोप मोडलेली.

"पाव भाजायलात का लोखंड वितळवायलात, सिद्धोधन?"

"पावच हाय, काका. अर्धा तास फक्त."

"पाव तर बेकरीत मिळतो की."

"हा न्हाई मिळत. ह्यो मिळाला तर सुकेशनी हितंच ऱ्हाती."

मग कूलरचा घरघराट थांबला. "पयलं असं बोलायचं," भगवानराव म्हणाले. "चल, पलीकडच्यांना मी सांगतो. तुझं कोन आईकतंय."

बल्ब हळूहळू पांढरा झाला. एकशे ऐंशी. एकशे पंचाण्णव. दोनशे. सुकेशनी ओव्हनसमोर पाटावर बसून राहिली. केशरबाई मागून तिला पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. अर्ध्या तासानं तिनं कळ एकशे साठवर आणली आणि कूलर एकेक करून पुन्हा सुरू झाले. एकशे साठ टिकलं.

सहा वाजून पाच मिनिटांनी पाव बाहेर आला. बुटका, जवळजवळ काळा, वर बियांचं कवच. खचला नव्हता. तिनं तळाला बोटानं ठोकलं. आवाज बरा होता, पण आवाजावर तिचा विश्वास नव्हता. दोन्ही नापास पावांचा आवाजही बराच होता.

"कोपरा कापून बघू?" संघप्रियानं विचारलं.

"आज कापला तर चाकूला चिकटल. न चिकटणारा असला तरी चिकटल."

"मग आपल्याला कळणार कवा?"

"त्यांनी कापल्यावर."

पाव सुती फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. शनिवारी दिवसभर घरात कुणी त्या फळीखालून गेलं की वर बघायचं. दुपारी सुकेशनीनं आपली बॅग भरली. साड्या, औषधाच्या गोळ्या, चार्जर. संघप्रियानं बॅग भरताना पाहिलं आणि उगाचच अंगण झाडायला गेली. संध्याकाळी सहाला नागनाथनं प्लॅटफॉर्मवर पाव हातात घेतला, वजनानं दचकला आणि म्हणाला, "वहिनी, कुणाला मारून फेकायचंय का?" गाडी सुटली तेव्हा तिच्या हातात फक्त फडक्याचा वास होता.

रविवारी बारा वाजता फोन आला नाही. सव्वाबाराला नाही. बॅग दाराशी होती. सिद्धोधननं गाडीची वेळ मोबाइलवर पुन्हा पाहिली, वेळेवर होती. ओट्यावर बरणीत शिस्तीनं राखलेलं दोन चमचे विरजण तळाशी बसलं होतं. वर पाण्याचा थर धरला होता, वास तिखट आंबट येत होता. उपाशी विरजणाचा वास.

बारा वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला. सुकेशनीनं तो स्पीकरवर ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"एकच आलाय," मॅडम म्हणाल्या. "आणि बुटका आहे."

"हो, मॅडम."

"कापतेय." करवतीसारखा आवाज आला, सावकाश, मग लाकडावर चाकू टेकल्याचा. "चिकटत नाहीय. खचलेलाही नाही." मग चावल्याचा बारीक आवाज. "पण याची चव आधीच्या दोन्हींसारखी नाही. भाजकट आहे. काय घातलंत?"

सुकेशनीनं केशरबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात. पीठ भाजून घेतलं असं सांगता आलं असतं.

"मागच्या खेपेचा पाव," ती म्हणाली. "वाळवून, दळून. पीठ खराब झालं होतं. माझ्याच चिठ्ठीनं."

"मी नापास केला तो?"

"त्याच्या जोडीचा."

पलीकडून हसू आल्यासारखं वाटलं, पण खात्री नव्हती. "मग असं करा. दर खेपेला एक पाव जास्तीचा करा आणि वाळवा. तो पुढच्यात घाला. साचा मोठा घ्या, बुटका चालणार नाही. पीठ उद्या पाठवते, बुधवारी मिळेल. तुमचं ते विरजण आहे ना? बुधवारपर्यंत जगवा."

फोन बंद झाल्यावर पहिल्यांदा हलला सिद्धोधन. तिकीट रद्द करायला किती वाजेपर्यंत वेळ असतो ते तो मोबाइलवर शोधायला लागला. संघप्रियानं दाराशी असलेली बॅग उचलली, आत नेली आणि पलंगाखाली इतकी आत ढकलली की ती भिंतीला आपटली. मग बाहेर येऊन तिनं चिठ्ठीवरचा राई हा शब्द गिरवून गिरवून खोडला, त्यावर 'जर्मन गहू' लिहिलं.

"ते गहू नसतंय," सुकेशनी म्हणाली.

"नसू दे. फोडणीतबी पडत न्हाई."

सुकेशनीनं बरणी उजेडात धरली. बुधवार म्हणजे तीन दिवस. तिच्या मागे डब्याचं झाकण वाजलं. केशरबाई एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन उभ्या होत्या.

"ह्येला ज्वारीचं पीठ चालंल का?"

सुकेशनीला ते माहीत नव्हतं. बाईंनी कधी ज्वारी घातली नव्हती. "बघू घालून. एक चमचा."

केशरबाई पुढे आल्या, पण चमचा डब्यातच धरून थांबल्या. डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ज्वारीच हाय," त्या म्हणाल्या. "म्या आधी चाखून बघितली. तूबी बघ."